शंभर फळांची कॉफी

दिवाळी अंक घरोघरी पोहोचतात त्या सुमारास चिकमगळूर आणि कोडगूच्या डोंगरउतारांवर अरेबिका कॉफीची फळं लाल होऊ लागलेली असतात. तोडणी साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते. एकाच फांदीवर पिकलेलं, पाडाला आलेलं आणि कच्चं फळ शेजारी शेजारी असतं. म्हणून चांगल्या मळ्यात फांदी ओरबाडत नाहीत. लाल झालेलं फळ तेवढं बोटांनी खुडतात आणि उरलेल्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा त्याच झाडापाशी येतात. एका फळात बहुधा दोन बिया असतात. घरी दोघांपुरती भरपेट कॉफी करायची तर ३० ग्रॅम भाजलेले दाणे लागतात, म्हणजे दोनशेच्या वर बिया. एका वेळच्या कॉफीसाठी कुणीतरी शंभरावर फळं एकेक करून खुडलेली असतात.

एवढ्या निगुतीने वेचलेल्या कॉफीचं पुढे काय होतं? भारतात पिकणाऱ्या कॉफीचा मोठा वाटा, ढोबळमानाने दोन तृतीयांशाहून अधिक, परदेशी जातो आणि त्यात इटलीचा क्रमांक बराच वरचा आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत येते ती झटपट विरघळणारी पूड किंवा चिकोरी मिसळलेली तयार भुकटी. सह्याद्रीच्याच रांगेत पिकलेल्या कॉफीची खरी चव सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसालाच ठाऊक नसावी, हे मला फार खटकतं. ही उणीव भरून काढण्याचं सगळ्यांत सोपं साधन म्हणजे हाताने दाबायचं काचेचं भांडं, फ्रेंच प्रेस. त्याला वीज लागत नाही, कागद लागत नाही आणि त्याची किंमत बऱ्यापैकी प्रेशर कुकरपेक्षा कमीच असते. मात्र ते चांगलं आणि वाईट दोन्ही जसंच्या तसं पेल्यात उतरवतं. त्यामुळे ते वापरायला शिकणं म्हणजे कॉफी ओळखायला शिकणं.

भांडं आणि त्याची रीत

या भांड्याचं कूळ युरोपातलं. १८५२ साली पॅरिसमध्ये मेयर आणि देल्फोर्ज या दोघांनी अशा साधनाचं पेटंट घेतलं. दांड्याला अडकवलेली भोकांची चकती आणि तिला फ्लॅनेलच्या कापडाची जोड, अशी त्याची रचना होती. पुढे १९२९ मध्ये मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांनी आणि १९५८ मध्ये बोंदानिनी यांनी त्यात सुधारणा केल्या. बोंदानिनींचं भांडं फ्रान्समध्ये क्लॅरिनेट बनवणाऱ्या एका कारखान्यात तयार होऊ लागलं. डेन्मार्कच्या बोडम कंपनीने ते जगभरच्या स्वयंपाकघरांत नेलं. आज दुकानात मिळणारं भांडं त्याच वंशातलं आहे. उष्णतेला टिकणारी काच, दांडा, बारीक जाळी आणि जाळीच्या कडेने गुंडाळलेली स्प्रिंग. ही स्प्रिंग काचेला घासून बसते, म्हणून कडेच्या फटीतून चोथा वर येत नाही.

दाक्षिणात्य फिल्टरमध्ये पाणी पुडीच्या थरातून थेंब थेंब खाली झिरपतं. प्रेसमध्ये सगळी पूड सगळ्या पाण्यात बुडून मुरते. या फरकाचा फायदा मोठा आहे. पुडीतला अर्क पाण्यात उतरत जातो तसतसा पुढचा अर्क उतरण्याचा वेग आपोआप मंदावतो. पहिल्या चार मिनिटांत बहुतेक काम होऊन जातं आणि नंतर कॉफी फारशी बिघडत नाही. मध्येच दाराची बेल वाजली आणि मिनिटभर उशीर झाला, तरी हे भांडं सांभाळून घेतं. शिवाय धातूच्या जाळीतून कॉफीचं तेल आणि अगदी बारीक कण पेल्यात उतरतात. त्यामुळे प्रेसच्या कॉफीला जिभेवर रेंगाळणारा भरीवपणा येतो. कागदातून गाळलेली कॉफी जास्त स्वच्छ आणि हलकी लागते.

डोंगरापासून पाकिटापर्यंत

सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संतांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, ही कथा कॉफीच्या मळ्यांत आजही श्रद्धेने सांगितली जाते. त्या डोंगरांना त्यांचंच नाव आहे. भारतातली कॉफी सावलीत वाढते, हे तिचं मोठं वैशिष्ट्य. वर मोठ्या झाडांचं छत, सिल्व्हर ओकच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, मध्येच फणस आणि या सगळ्यांखाली कॉफीची झुडपं. उंचावर अरेबिका, खालच्या उतारांवर रोबस्टा. देशाच्या एकूण उत्पादनात अरेबिकाचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी आहे. तांबेरा आणि खोडकिडा यांनी तिला सतत छळलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांबेऱ्यानेच श्रीलंकेतली कॉफी संपवली आणि तिथे चहा आला. आपल्याकडे बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून एस. ७९५ सारखे वाण निघाले. हा वाण रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो आणि चवीलाही उतरतो. आजही कर्नाटकातल्या अनेक मळ्यांचा भार त्याच्यावर आहे.

महाराष्ट्राचाही या पिकाशी थोडा संबंध आहे. मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत. आकाराने ते लहान, पण आपल्या राज्याच्या मातीत कॉफी येते याचा तो पुरावा आहे. पिण्याच्या बाबतीत मुंबई बरीच पुढे होती. लोण्यामुळे घराघरांत माहीत झालेल्या पोल्सनची सुरुवात कॉफीच्या धंद्यातून झाली. इंडिया कॉफी हाउसचं पहिलं दुकान १९३६ साली चर्चगेटला उघडलं. माटुंग्याच्या बाजारात कॉफी समोर दळून देणारी दुकानं आजही आहेत. पुडी हातात पडेपर्यंत तिथला वास अंगाला चिकटलेला असतो.

मग मळ्याचं नाव आपल्यापर्यंत का पोहोचलं नाही? त्याचं कारण व्यवस्थेत होतं. १९४२ च्या कायद्यानंतर अनेक दशकं मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करावी लागत असे. तिथे तिची प्रतवारी होऊन लिलाव व्हायचा. कष्टाने पिकवलेली आणि निष्काळजीपणे पिकवलेली कॉफी एकाच ढिगात जायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटलं आणि मळेवाल्याला आपला माल आपल्या नावाने विकता येऊ लागला. आज पाकिटावर मळ्याचं नाव, वाण, उंची आणि प्रक्रिया छापलेली दिसते, त्याची मुळं या बदलात आहेत. चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि कोडगूची अरेबिका, वायनाडची रोबस्टा आणि अराकू खोऱ्यातली अरेबिका यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आंध्रातल्या अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी तर २०१७ पासून पॅरिसमधल्या स्वतंत्र दुकानात विकली जाऊ लागली. प्रेसचं पहिलं पेटंट ज्या शहरात निघालं, तिथल्या लोकांना अराकूचं नाव कळलं. ते ठाणे, सातारा, अकोल्यातल्या घरांतही कळायला हवं.

पाकीट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, भाजल्याची तारीख. भाजल्यावर दाण्यांतून कित्येक दिवस कर्बवायू बाहेर पडत राहतो. आठवडाभर थांबलं तर चव स्थिरावते आणि पुढचा महिनाभर ती उत्तम राहते. दुसरी, चिकोरीचं प्रमाण. कॉफी-चिकोरी मिश्रणात कायद्याने ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि ते पाकिटावर छापावं लागतं. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत चिकोरीला तिचं काम आहे, पण प्रेसमध्ये ती भराभर विरघळते आणि दाण्याची मूळ चव झाकून टाकते. म्हणून इथे निव्वळ कॉफीच घ्यावी. तिसरी, भाजणीचा रंग. भाजताना दाणे दोनशे अंशांच्या आसपास पोहोचले की लाह्यांसारखा तडतड आवाज येतो. त्यानंतर थोड्याच वेळात उतरवलेले दाणे तांबूस राहतात आणि त्यांत फळाचा आंबटगोडपणा टिकतो. जास्त वेळ ठेवले तर ते काळपट आणि तेलकट होतात, कडवटपणा वाढतो आणि सगळे मळे सारखेच लागू लागतात. प्रेसशी पहिली ओळख करून घ्यायला मध्यम भाजणी चांगली.

दळणात सगळं आहे

प्रेसवर खर्च करायचे पैसे मर्यादित असतील तर भांडं साधं घ्या आणि दळण्याच्या यंत्रावर खर्च करा. मिक्सरचं पातं दाणे आपटून फोडतं. त्यात काही कण पिठासारखे होतात आणि काही अर्धे दाणे तसेच राहतात. पिठातून कडवटपणा आधी उतरतो, तुकड्यांतून गोडवा उतरतच नाही आणि दोन्ही दोष एकाच पेल्यात येतात. हाताने फिरवायची कॉफीची चक्की वेगळ्या तत्त्वावर चालते. तिच्यात दोन दातेरी भाग असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करता येतं. आपलं जातं याच तत्त्वावर चालत आलं आहे. अंतर ठरलेलं असलं की कण एकसारखे पडतात.

किती जाड दळावं, हे समजून घ्यायला एक प्रयोग घरच्या ओट्यावर जरूर करावा. एकाच पाकिटातले दाणे तीन तऱ्हांनी दळावेत आणि बाकी सगळं सारखं ठेवून तीन पेले करावेत. माझ्या ओट्यावर पिठासारख्या दळणाचा पेला गढूळ आला. दांडा खाली जाईना, हाताला उलटा रेटा जाणवला आणि घोट घेतल्यावर घशाशी तुरट कोरडेपणा राहिला. डाळीच्या भरड्यासारख्या जाड दळणाचा पेला दिसायला सुरेख, तांबूस. पण पाणचट आणि टोकदार आंबट. जाड्या रव्याएवढ्या दळणाच्या पेल्यात आधी गोडवा आला, मग संत्र्याच्या सालीसारखी हलकी आंबट छटा आणि शेवटी सौम्य कडवटपणा. दाणे तेच, पाणी तेच, भांडंही तेच.

यामागचं गणित जुनं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या अर्काची मोजमापं केली. भाजलेल्या दाण्याच्या वजनाचा साधारण ३० टक्के भाग पाण्यात उतरू शकतो. दाण्याच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग उतरला की चव बहुतेकांना संतुलित लागते. त्याहून कमी उतरला तर आंबट, जास्त उतरला तर कडू. दळण, पाण्याची उष्णता आणि वेळ यांची सगळी धडपड या अरुंद पट्ट्यात येण्यासाठी असते. कॉफी आंबट लागली तर थोडं बारीक दळा, कडू लागली तर थोडं जाड. एवढा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुढच्या चुका आपल्या आपण सुधारता येतात.

पाणी

पेल्यातली कॉफी ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दाण्यातला अर्क ओढून काढायला मदत करतं, तर बायकार्बोनेट आंबटपणा मारतं. बोअरवेलच्या जड पाण्यात म्हणूनच उत्तम कॉफीही सपक लागते. आरओ यंत्राचं पाणी दुसऱ्या टोकाला जातं. त्यातले क्षार इतके कमी होतात की चव पोकळ आणि बोचरी होऊ शकते. मुंबईला तलावांतून आणि पुण्याला धरणांतून येणारं पाणी मुळात मृदू आहे. ते साध्या कार्बन फिल्टरमधून काढून क्लोरीनचा वास घालवला की काम होतं. घरात फक्त आरओ असेल तर त्यात गाळून उकळलेलं नळाचं पाणी थोडं मिसळून पाहावं.

उष्णतेच्या बाबतीत आपलं गावही हिशोबात घ्यावं लागतं. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. मुंबईत आधण शंभर अंशांना येतं, पुण्यात अठ्ठ्याण्णवच्या आसपास आणि महाबळेश्वरला पंचाण्णव-शहाण्णवला. प्रेससाठी ९२ ते ९६ अंश पाणी उत्तम. मुंबईकराने गॅस बंद करून मिनिटभर थांबावं, महाबळेश्वरकराने आधण आल्या आल्या ओतावं. दाणे काळपट भाजलेले असतील तर पाणी आणखी थोडं निवू द्यावं.

नऊ मिनिटं

आता प्रत्यक्ष कृती. भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर थंड काच पहिल्याच फटक्यात पाण्याची उष्णता खाते. अर्ध्या लिटर पाण्याला ३० ग्रॅम कॉफी. शक्यतो वजनकाट्यावर मोजा, कारण चमच्याचं माप भाजणीगणिक बदलतं. काळपट दाणे हलके आणि फुगलेले असतात.

दळलेली पूड भांड्यात घाला आणि सगळं पाणी एका धारेने ओता. कॉफी ताजी असेल तर ती लगेच फुगून वर येते आणि फेसाचा जाड थर धरते. हा दाण्यात अडकलेला कर्बवायू असतो. फेस आलाच नाही तर दाणे शिळे आहेत असं समजावं. झाकण न लावता चार मिनिटं हात लावू नका.

चार मिनिटांनी वर एक साय जमलेली दिसेल. चमच्याने ती मोडा आणि हलकेच एकदा-दोनदा ढवळा. वायू सुटतो आणि पूड डोळ्यांदेखत खाली बसू लागते. वर तरंगणारा फेस आणि चुरा दोन चमच्यांनी काढून टाका. आता पुन्हा चार-पाच मिनिटं थांबा. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, पण साका खाली बसायला हाच वेळ लागतो. कॉफी थंड होईल ही भीती नको. एवढ्या वेळात ती जीभ न पोळता चव घेता येईल इतपतच निवते.

शेवटी जाळी घाला आणि ती फक्त कॉफीच्या पृष्ठभागापर्यंत आणा. तळापर्यंत जोर लावून दाबलं तर बसलेला साका ढवळून वर येतो. जाळीचं काम फक्त गाळण्याचं आहे. जागतिक बरिस्ता स्पर्धेचे २००७ चे विजेते जेम्स हॉफमन यांनी ही रीत बरीच लोकप्रिय केली. कॉफी पारखणारे तज्ज्ञ वाटीतल्या कॉफीची साय मोडून, साका बसू देऊन चव घेतात, तेच तंत्र इथे घरगुती भांड्यात येतं. म्हणजे प्रेसचा पेला आणि पारख्याचा पेला यांच्यात फार थोडं अंतर उरतं. हळूहळू ओता आणि तळाचा शेवटचा घोट भांड्यातच राहू द्या.

वापर झाला की जाळीचे भाग सुटे करून साबणाने धुवावेत. अडकलेलं तेल खवट होतं आणि पुढच्या प्रत्येक पेल्यात उतरतं.

दूध, जायफळ आणि तब्येत

मराठी घरांत कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. पाहुण्यांसाठी, जागरणासाठी, पंगत उठल्यावर केलेल्या त्या कॉफीवर माझं मनापासून प्रेम आहे आणि प्रेसमुळे ती सोडायचं काही कारण नाही. उलट ती जास्त चांगली होते. अर्ध्या लिटरला तीसऐवजी साठ ग्रॅम कॉफी घेऊन दाट अर्क काढा. इथे वायनाडची किंवा कोडगूची चांगली, गर धुऊन सुकवलेली रोबस्टा शोभते, कारण तिचा भारदस्तपणा दुधात हरवत नाही. दूध वेगळं तापवून अर्कात ओता आणि जायफळ शेवटी किसा. कॉफी दुधात उकळायची नाही, एवढं पथ्य पाळलं तर जायफळाचा आणि कॉफीचा सुगंध दोन्ही आपापल्या जागी लागतात.

तब्येतीच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. नॉर्वेत ट्रॉम्सो इथल्या संशोधकांनी १९८३ मध्ये कॉफी आणि कोलेस्टेरॉलचा संबंध मांडला, आणि पुढच्या अभ्यासांत न गाळता उकळलेल्या कॉफीतलं हे द्रव्य सापडलं. कागदी गाळणीत ते बहुतांशी अडकतं, धातूच्या जाळीत अडकत नाही. एखाद-दुसऱ्या पेल्याने निरोगी माणसाने घाबरू नये. पण कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल किंवा दिवसभरात चार-पाच पेले होत असतील, तर प्रेसमधली कॉफी कागदी गाळणीतून गाळून प्यावी. भरीवपणा थोडा कमी होईल, चव बरीचशी टिकेल.

ग्राहक घडतो तेव्हा

कॉफीच्या मळेवाल्याचं नशीब बऱ्याच अंशी लंडन आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरतं. ब्राझीलमध्ये कडाक्याच्या थंडीने दव गोठलं का, व्हिएतनाममध्ये पाऊस किती झाला, यावर चिकमगळूरच्या पोत्याचा भाव हलतो. या चढउतारांतून छोट्या शेतकऱ्याला थोडाफार बाहेर काढणारा एकच आधार आहे, तो म्हणजे त्याच्या कॉफीची चव ओळखून तिच्यासाठी वेगळा भाव देणारा गिऱ्हाईक. आजवर हा गिऱ्हाईक बहुतेक परदेशी होता. आता मुंबई, पुणे, नागपुरात दाणे भाजून मळ्याच्या नावाने विकणारी दुकानं आहेत आणि घरपोच पाकिटं लहान गावांतही पोहोचतात. उरलेलं काम आपलं आहे.

त्यासाठी फार काही करावं लागत नाही. एकाच वेळी दोन मळ्यांची छोटी पाकिटं आणावीत, एकाच दिवशी शेजारी शेजारी करून प्यावीत आणि घरातल्या सगळ्यांना विचारावं, कुठली आवडली आणि का. सुकवताना फळ तसंच ठेवलेली कॉफी आणि धुऊन सुकवलेली कॉफी यांतला फरक दहा वर्षांच्या मुलालाही नुसत्या वासावरून सांगता येतो. भाजणाऱ्याला मळ्याबद्दल विचारावं, तोडणी कधीची, वाण कुठला, हे विचारावं. असे प्रश्न येऊ लागले की उत्तरं ठेवणं दुकानदाराला भाग पडतं, आणि ज्याच्याकडे चांगली उत्तरं आहेत अशा मळेवाल्याचा माल आधी उचलला जातो. पिकलेलं तेवढंच फळ खुडायला जास्त मजुरी आणि जास्त फेऱ्या लागतात. तो खर्च मळेवाल्याला परवडतो तो फक्त त्या निगुतीची किंमत ओळखून मोजणारं कुणीतरी असेल तेव्हाच. तांदळातला आंबेमोहर, आंब्यातला हापूस आणि गुळातला कोल्हापुरी हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेत आलो आहोत. कॉफीलाही तोच मान द्यायची वेळ आली आहे, आणि त्याची सुरुवात स्वयंपाकघरात करता येते.